केक पॉप (कोटिंग केलेले केकचे गोळे) काडीवरून घसरतात, कोटिंगला तडे जातात

पाटवडी:
५०० ग्रॅम बिनअंड्याचा स्पंज (कंडेन्स्ड मिल्कचा), त्यात १५० ग्रॅम बटरक्रीम (लोणी-साखरेचं आयसिंग). गोळे वळून दोन तास फ्रीझरमध्ये ठेवले आणि पांढऱ्या कंपाउंडमध्ये (कोको बटरऐवजी वनस्पती तेलाचं चॉकलेट) बुडवले. निम्मे बुडवतानाच काडी सोडून खाली पडले. उरलेल्यांना दहा मिनिटांत तडे गेले आणि तड्यांतून तेलकट थेंब आले. गुलाबी रंग घातल्यावर तर कंपाउंडचा घट्ट गोळाच झाला. शनिवारी २४ नग हवेत. कुठे चुकतंय?

नीरफणस:
बटरक्रीम दुप्पट झालंय. कंडेन्स्ड मिल्कचा केक मुळातच ओलसर असतो, त्याला ५०० ग्रॅमला ७०-७५ ग्रॅम पुरतं. तेही एकदम ओतू नका. आधी केकची वरची-खालची तपकिरी साल काढा, नाहीतर तिचे कडक तुकडे मध्ये येतात. मग रव्यासारखा चुरा करा आणि बटरक्रीम चमच्याचमच्याने घालत मळा. खूण बेसनाच्या लाडवाची: मूठ दाबली की मुटका राहायला हवा, पण तळहाताला तूप लागल्यासारखं वाटता कामा नये. वाटलं तर थोडा केक शिल्लक ठेवा, सैल झालं तर तोच चुरा कामी येतो.

गोळे काट्यावर मोजून २० ग्रॅमचे करा, म्हणजे साल वजा जाऊनही २४ नग जमतात. गोळा जड झाला की काडीवरून घसरण्याची भीती वाढते. आधी घट्ट दाबून घ्या, मग हलक्या हाताने गोल करा. आत हवा राहिली तर तिथूनच पुढे भोकं पडतात.

तडे फ्रीझरमुळे. गोठलेला गोळा कोमट होताना किंचित फुगतो आणि तोवर वरचं कवच आवळून कडक झालेलं असतं. मग फुटणारच. जास्तीचं लोणी त्याच फटीतून बाहेर येतं. फ्रीजमध्ये (फ्रीझर नव्हे) ३०-४० मिनिटं ठेवा, आणि बुडवण्याआधी पाचेक मिनिटं बाहेर.

काडेपेटी:
काडीचं राहिलं. काडीचं टोक आधी वितळलेल्या कंपाउंडमध्ये दीड सेंटीमीटर बुडवायचं, मग गोळ्यात निम्म्यापर्यंतच खुपसायचं. आरपार नाही. हा डिंक आहे असं समजा. तो सुकेपर्यंत, म्हणजे फ्रीजमध्ये दहा मिनिटं, गोळ्याला हात लावू नका. ही पायरी गाळली की गोळा पडलाच म्हणून समजा.

रंगाचं कारण पाणी. साधे जेल आणि द्रव रंग पाण्यातले असतात. थेंबभर पाण्यानेही कंपाउंडमधली साखर ओली होऊन कण एकमेकांना चिकटतात. रंग तेलातलाच घ्या, वाटी-चमचा कोरडे ठक्क हवेत. डबल बॉयलर (गरम पाण्यावर ठेवलेलं भांडं) वापरत असाल तर वाफेकडे लक्ष ठेवा. बिघडलेलं कंपाउंड टाकू नका, गरम क्रीम घालून घोटलं की गनाश (मऊ चॉकलेट-क्रीम) होतं. पुढच्या चुऱ्याला बटरक्रीमऐवजी तेच चालेल.

पांढरं कंपाउंड चटकन करपतं. मायक्रोवेव्ह निम्म्या पॉवरवर, दर ३० सेकंदांनी ढवळून. ४० ते ४५ अंश पुरे, बोटाला जेमतेम ऊन लागेल इतकं. २४ नगांना प्रत्यक्षात ३०० ग्रॅमच्या आतबाहेर लागतं, पण ४०० घ्या. नाहीतर बुडायला खोली मिळत नाही. वाटी नको, उभा अरुंद मग घ्या. दाट वाटलं तर दोन-तीन छोटे चमचे बिनवासाचं खोबरेल. लोणी घालू नका, त्यात पाणी असतं.

गोळा सरळ खाली, सरळ वर. आत फिरवायचा नाही. मग काडी तिरकी धरून दुसऱ्या हाताने मनगटावर टिचक्या मारत फिरवत राहा. जास्तीचं गळून जातं. स्प्रिंकल्स दहा-पंधरा सेकंदांत टाका, आणि काडी थर्माकोलमध्ये उभी.

दिवेलागण:
फ्रीझर अगदीच वर्ज्य नाही. घाई असेल तर दहा मिनिटं चालतो. दोन तास ही चूक.

कूव्हर्चरच्या (अस्सल चॉकलेटच्या) मोहात पडू नका. त्यात कोको बटर असतं, टेम्परिंग (ठरावीक तापमानाला वितळवून-थंड करणं) केलं नाही तर पांढरट डाग पडतात आणि हातात विरघळतं. चवीला ते कधीही सरस, पण २४ नगांच्या घाईत कंपाउंडच बरं.

पाटवडी:
शुक्रवारी रात्री करून ठेवले तर? आमच्याकडे पावसाळी हवा आहे.

नीरफणस:
चालेल. ताज्या क्रीमचं आयसिंग मात्र नको. हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवा आणि शनिवारी डबा *न उघडता* तासभर बाहेर. आधी झाकण काढलंत तर दमट हवेत कवचाला घाम सुटतो, रंगीत स्प्रिंकल्स ओघळतात. पाणी डब्याच्या बाहेरच्या अंगाला धरू दे, ते पुसून मग उघडा.