हँग झालेल्या प्रोग्रामवरून विंडो ओढली की मागे शेपूट उमटायचं, ते आता का नाही उमटत?

उनाडउंदीर:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा बावळट आहे पण दोन दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून टाकतोय. कपाटातला जुना डेस्कटॉप चालू करून बघितला, विंडोज एक्सपीवाला, त्यातला एक जुना प्रोग्राम उघडला आणि तो उघडल्या उघडल्या हँग. त्याच्यावर कॅल्क्युलेटर उघडा होता, तो बाजूला करायला गेलो तर जिथून जिथून नेला तिथे तिथे त्याची एकेक प्रत चिकटून राहिली, पत्ते पिसून पसरावेत तशी. मी आपला काम सोडून नक्षी काढत बसलो :) थोड्या वेळाने ते सगळं पुसलं जाऊन नुसती पांढरी चौकट आली.

मग नव्या लॅपटॉपवर मुद्दाम एक प्रोग्राम अडकवला आणि वरून दुसरी विंडो फिरवली. शेपूट नाही, काही नाही, खालचं चित्र जसंच्या तसं. माझी समजूत अशी होती की विंडो म्हणजे टेबलावर एकावर एक ठेवलेले कागद, वरचा सरकवला की खालचा दिसणारच. मग एक्सपीमध्ये खालचा कागद गेला कुठे?

आणि जोडप्रश्न, सगळं ठप्प झालेलं असतं तरी माउसचा बाण मात्र मजेत फिरतो, तो कुणाच्या जिवावर?

खाडाखोड:
बावळट अजिबात नाही, उलट पूर्ण विंडो सिस्टिमची गोम तुम्ही नेमकी पकडलीत. उत्तर ऐका, खालचा कागद नव्हताच. कधीच नव्हता. कागद विसरा आणि एकच फळा डोळ्यापुढे आणा. स्क्रीनवर जे दिसतं त्याची मेमरी एकच, तिला फ्रेमबफर म्हणतात, आणि सगळे प्रोग्राम त्याच एका फळ्यावर आपापल्या चौकटीत खडूने लिहितात. कॅल्क्युलेटर वर आला म्हणजे खालचं पुसून तिथे कॅल्क्युलेटर काढला, बस्स. खालचं झाकलं जात नाही हो, ते पुसलं जातं.

मग कॅल्क्युलेटर हलवल्यावर खालचं परत कसं येतं? तर सिस्टिम त्या प्रोग्रामला निरोप धाडते की बाबा रे तुझा एवढा एवढा तुकडा उघडा पडलाय, तेवढा परत काढ. विंडोजमध्ये त्या निरोपाचं नाव डब्ल्यूएम पेंट, लिनक्ससारख्यांवर विंडो दाखवणाऱ्या एक्स नावाच्या सिस्टिममध्ये एक्स्पोज. प्रोग्राम धडधाकट असला तर क्षणात काढून देतो आणि आपल्याला वाटतं की खालचा कागद दिसला. हँग झालेला प्रोग्राम निरोपांची रांग बघतच नाही, मग त्या जागी शेवटचे जे पिक्सेल होते तेच राहतात, म्हणजे कॅल्क्युलेटरचे. हेच तुमचं शेपूट.

बरं, कॅल्क्युलेटर स्वतः का नाही फाटला? कारण विंडो सरकवताना तिचे पिक्सेल फळ्यावरून उचलून दुसऱ्या जागी जसेच्या तसे कॉपी करतात, त्यासाठी प्रोग्रामला उठवावं लागत नाही. आणखी एक बारीक गोष्ट, विंडोजमध्ये हा पेंटचा निरोप सगळ्यात शेवटच्या पंगतीतला. रांगेत दुसरं काही असेल तर ते आधी, आणि दहा तुकडे उघडे पडले तरी दहा निरोप येत नाहीत, सगळे मिळून एक येतो. म्हणून प्रोग्राम कामात गढलेला असला, हँग नसला, तरी विंडो थोडा वेळ भुतासारखी अर्धवट दिसायची.

चौकटराजा:
खाडाखोड यांना +१. एवढा द्राविडी प्राणायाम का केला असेल असं वाटत असेल तर हिशोब बघा. १९८४ च्या मॅकिंतोशचा स्क्रीन ५१२ गुणिले ३४२ पिक्सेल, प्रत्येकाला एक बिट, काळं नाहीतर पांढरं. म्हणजे एका स्क्रीनला २१,८८८ बाइट. अख्ख्या मशीनची मेमरी १२८ केबी, त्यात सिस्टिम आली, प्रोग्राम आला, डॉक्युमेंट आलं. तिथे प्रत्येक विंडोची वेगळी प्रत सांभाळायची चैन कुणाला परवडणार? म्हणून वाटणी अशी झाली की कुठली विंडो कुठे आणि कुणाच्या वर हे सिस्टिमने लक्षात ठेवायचं, आत काय आहे हे ज्याचं त्याने.

पण ह्यात खरी मारामारी वेगळीच आहे. दोन विंडो एकमेकींवर तिरप्या पडल्या तर खालचीचा दिसणारा भाग एल आकाराचा उरतो, चार पडल्या तर काय वाट्टेल तो आकार, आणि खालच्या प्रोग्रामने चित्र काढताना त्या आकाराबाहेर एक टिंबही जाता कामा नये, नाहीतर वरच्या विंडोवर शाई. ह्या वेड्यावाकड्या आकारांची बेरीज वजाबाकी झटपट करायचं काम मॅकमध्ये बिल अॅटकिन्सन यांनी केलं, मॅकच्या चित्र काढणाऱ्या क्विकड्रॉ ह्या भागातले रीजन म्हणतात ते. गंमत म्हणजे झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेला भेट दिली तेव्हा हे तिथे चालताना पाहिलं अशी त्यांची समजूत झाली होती, प्रत्यक्षात तिथल्या मंडळींनी ते तसं केलेलंच नव्हतं. होऊ शकतं असं धरून बसले आणि करून मोकळे झाले. तिकडे मायक्रोसॉफ्टने १९८५ च्या विंडोज १.० मध्ये ही भानगडच ठेवली नाही, विंडो शेजारी शेजारी फरशीसारख्या, एकमेकींवर चढायचंच नाही. चढायला लागल्या त्या १९८७ च्या २.० पासून.

तिरकसपान:
एक दुरुस्ती. "कधीच नव्हता" हे जरा जास्त झालं. खालचे पिक्सेल राखून ठेवायची सोय तेव्हाही होती, फक्त हात आखडून. मेनू उघडला आणि बंद केला की खालचं लगेच परत येतं ना, त्यासाठी मेनू काढायच्या आधी त्या जागेचे पिक्सेल बाजूला ठेवून द्यायचे आणि मेनू गेला की परत आणून डकवायचे, विंडोजमध्ये सेव्हबिट्स, एक्समध्ये सेव्ह अंडर. एक्समध्ये तर बॅकिंग स्टोअर म्हणून पूर्ण विंडोची प्रत ठेवायची विनंतीही करता यायची. विनंतीच हं, मान्य करायची की नाही ते सर्व्हरच्या, म्हणजे स्क्रीन सांभाळणाऱ्या एक्सच्या मुख्य प्रोग्रामच्या, मर्जीवर.

खाडाखोड:
मान्य, घाईत लिहिलं. मेनूचं डोक्यात आलं नाही.

रिकामाबफर:
आता दुसरी बाजू मी सांगतो, शेपूट गेलं कुठे ती. मेमरी वाढली तशी फळ्याची पद्धत मोडीत निघाली आणि उनाडउंदीर, तुमचे कागद खरोखर आले! आता प्रत्येक विंडोला स्वतःचा वेगळा बफर, म्हणजे चित्र ठेवायची मेमरी, मिळतो, प्रोग्राम त्यात पडद्याआड चित्र काढतो, स्क्रीनला हातही लावत नाही. कंपोझिटर नावाचा एकच प्रोग्राम हे सगळे बफर घेतो, कोण वर कोण खाली ते बघतो आणि ग्राफिक्स कार्डाकडून जोडून एक फ्रेम बनवून घेतो, सेकंदाला साठ वेळा, म्हणजे दर फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद. खालचा प्रोग्राम मेला तरी त्याचा शेवटचा बफर शाबूत असतो, कंपोझिटर तोच दाखवत राहतो. म्हणून शेपूट नाही. मॅक ओएस एक्समध्ये हे २००१ पासून, एक्समध्ये कंपोझिट एक्स्टेन्शन २००४ ला आलं, विंडोजमध्ये व्हिस्टापासून, आणि विंडोज ८ पासून तर ते बंदच करता येत नाही.

किंमत काय? फुल एचडी विंडो १९२० गुणिले १०८० गुणिले ४ बाइट, ८२,९४,४०० बाइट, सुमारे ८ एमबी. एक दाखवायचा आणि एक काढायचा असे दोन बफर धरले की १६. दहा विंडो उघड्या असतील तर १६० एमबीच्या आसपास नुसत्या चित्रांत. चौकटराजांच्या १२८ केबीवाल्याला ऐकवा हे :) ह्याच बफरमुळे विंडोंच्या सावल्या, आरपार कडा, टास्कबारवर माउस नेला की छोटं जिवंत चित्र, हे सगळं जवळपास फुकटात पडतं.

ते पांढरं पडणं मात्र वेगळं प्रकरण आहे, बफरचा त्यात संबंध नाही. विंडोजमध्ये टायटल बार, कडा, हे सगळं प्रोग्रामचाच थ्रेड, म्हणजे त्याच्या कामाचा धागा, सांभाळतो, त्यामुळे प्रोग्राम अडकला की विंडो सरकवता येत नाही, बंद करता येत नाही, फुलीचं बटण शोभेचं. म्हणून पाच सेकंद निरोप उचलला नाही की सिस्टिम खरी विंडो लपवते आणि त्याच जागी तशीच एक बुजगावणं विंडो उभी करते, वर "प्रतिसाद देत नाही" अशी पाटी. आपण ओढतो, फुली मारतो ते त्या बुजगावण्याला. हे एक्सपीतही होतं, तुमची नक्षी पुसली गेली ती त्याचीच करामत.

तिरकसपान:
ह्यात लिनक्सवाल्यांची गंमत सांगतो. एक्स १९८४ मध्ये एमआयटीत जन्मला, आज चालतो तो एक्स ११ हा १९८७ चा, आणि त्यात टायटल बार प्रोग्रामचा नसतोच, विंडो मॅनेजर नावाचा तिसराच गडी तो काढतो. म्हणून प्रोग्राम ठार हँग असला तरी विंडो मजेत सरकते. आता एक्सच्या जागी आलेल्या वेलँडमध्ये ग्नोमसारख्या डेस्कटॉपवर टायटल बार परत प्रोग्रामनेच काढायचा, त्यामुळे प्रोग्राम अडकला की टायटल बार धरून ओढा नाहीतर आपटा, हलत नाही. सुपर की (कीबोर्डवरची विंडोजच्या चिन्हाची) दाबून धरा आणि विंडोला कुठेही पकडून ओढा, लगेच हलेल, कारण ते ओढणं थेट कंपोझिटर बघतो. फिरून गाडी विंडोजच्या स्टेशनावर, आणि म्हणे प्रगती.

रिकामाबफर:
तिरकसराव, अर्धीच बाजू सांगताय. एक्समध्ये कुठलाही प्रोग्राम कुठल्याही दुसऱ्याच्या विंडोत तुम्ही काय टाइप करताय ते ऐकू शकतो, पासवर्डसकट. आणि उघडा मेनू कीबोर्ड-माउस आपल्याकडे अडवून धरतो, त्यामुळे मेनू उघडा टाकून उठलात तर स्क्रीन लॉकच लागायचा नाही, वर्षानुवर्षं. क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी २००८ मध्ये वेलँड सुरू केलं तेव्हा एक्सचा सर्व्हर आणि कंपोझिटर हे दोघं एकाच घरात आणले, आणि आपल्या विंडोपुरतंच ऐकायचं हा नियम घातला.

हा नियम डोळ्यांनी बघायचा असेल तर एक्सआइज चालवा, ते दोन डोळे बाणाकडे बघत राहतात तो प्रोग्राम. एक्सवर बाण कुठेही न्या, बुबुळं मागे मागे. वेलँडवर चालवा, बाण वेलँडवाल्या विंडोवर गेला रे गेला की डोळे आहे तिथेच थिजतात, कारण बाण कुठे आहे हे त्याला कुणी सांगतच नाही. परत एखाद्या जुन्या एक्सवाल्या विंडोवर आणा, लगेच वळतात. दोन मिनिटांचा खेळ आहे.

तिरकसपान:
केलाय तो खेळ. आणि विंडो स्क्रीनवर कुठे आहे हे खुद्द त्या विंडोलाही सांगत नाहीत, म्हणून माझा चार विंडोवाला प्रोग्राम दर वेळी उघडला की चारही वाट्टेल तिथे सांडतात आणि मी रोज सकाळी मांडत बसतो. सुरक्षा मान्य, पण हे म्हणजे चोर येतील म्हणून घरमालकालाच किल्ली न देण्यासारखं झालं.

चौकटराजा:
तुम्ही दोघं वेगळा धागा काढा बघू. माउसचं राहिलंच की.

बाण विंडो नाही आणि फ्रेमबफरमध्येही नसतो. ग्राफिक्स कार्डाकडे छोट्या चित्रासाठी वेगळी जागा असते, बऱ्याचदा ६४ गुणिले ६४ ची, आणि स्क्रीनकडे पिक्सेल पाठवता पाठवता हार्डवेअर ते चित्र वरून टाकतं. बाण हलवणं म्हणजे फक्त दोन आकडे बदलणं, आडवा आणि उभा, खालचं काही पुसायचं नाही की परत काढायचं नाही. आणि ते आकडे बदलणारा तुमचा अडकलेला प्रोग्राम नसतो, सिस्टिम असते. म्हणून प्रोग्राम मेला तरी बाण जिवंत, फक्त कधी कधी त्याचा आकार अडकतो, कडेवर गेल्यावर दुतोंडी व्हायला हवा तो होत नाही, कारण आकार सांगायचं काम प्रोग्रामचं. बाणही हलेना झाला तर मात्र दुखणं खोल आहे, सरळ पॉवरचं बटण. ही सोय नव्हती तेव्हा बाणाखालचे पिक्सेल आधी काढून ठेवायचे, बाण काढायचा, हलला की ते परत ठेवायचे, तिरकसपान यांनी मेनूचं सांगितलं तसंच.

उनाडउंदीर:
अरे वा, एवढं येईल असं वाटलं नव्हतं, धन्यवाद सगळ्यांना. बाण वेगळा असतो ना, मग स्क्रीनशॉटमध्ये येत नसणार असं वाटलं म्हणून आत्ता प्रिंट स्क्रीन दाबून बघितलं, खरंच नाहीये! इतकी वर्षं स्क्रीनशॉट काढतोय, कधी लक्षातच आलं नाही.

एक शेवटचं विचारतो, सगळं कंपोझिटरच्या हातून जातं म्हणजे उशीर नाही होत का? गेमला वगैरे?

रिकामाबफर:
होतो ना, साधारण एखाद्या फ्रेमचा. म्हणून गेम पूर्ण स्क्रीनभर असेल आणि वर दुसरं काही नसेल तर कंपोझिटर स्वतः बाजूला होतो आणि गेमचा बफरच सरळ स्क्रीनला जोडून देतो, जोडाजोड नाही. मध्येच कोपऱ्यात एखादं नोटिफिकेशन आलं की परत कंपोझिटर मध्ये, कधी कधी त्या क्षणी गेमला हलकासा झटका बसतो तो त्याचाच.

तिरकसपान:
म्हणजे फिरून एकच फळा.