अनुभव धागा: स्कॉटलंडच्या बेटांवरचे दलदलीचे डोंगर

नॉर्थ यूइस्ट बेटावरचा ईव्हल जेमतेम ३४७ मीटर उंच आहे, त्यामुळे सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला तो न्याहारीआधी उरकण्याजोगा वाटतो. मलाही तसाच वाटला होता. डांबरी रस्ता संपतो तिथे खाडीचा चिंचोळा गळा दगडांवरून ओलांडावा लागतो आणि मोठ्या भरतीला ते दगड पाण्याखाली जातात, म्हणून निघण्याआधी भरतीचे कोष्टक पाहणे आलेच. पुढे ओबिसारी सरोवराला वळसा घालताना मात्र घाम काढला तो सपाटीने. आपल्याकडे श्रावणातल्या चिखलाखाली कातळ असतो, पाय घसरला तरी कुठेतरी टेकतो. इथे हजारो वर्षे साचलेल्या पीटवर (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या थरावर) पाण्याने टम्म फुगलेले शेवाळ असते आणि पोपटी, गुळगुळीत हिरवळ दिसली की तिथे पाऊल टाकायचे नसते. मी टाकले. पाय लगेच निघाला, बूट काढायला दहा मिनिटे लागली. अशा डोंगरांवर गेलेल्यांनी आपले अनुभव जरूर लिहावेत.

ग्लासगोहून

ज्युरा बेटावर माणसे सुमारे दोनशे आणि तांबडी हरणे पाच हजारांच्या घरात. ७८५ मीटरच्या बेन अन ओरकडे आम्ही दोघी पुलापासून निघालो तेव्हा, हरणांच्या वाटेने गेल्यास पाय कोरडे राहतील, असे मैत्रिणीचे ठाम मत होते. हरणाला चार पाय असतात आणि ओल्या पोटाची त्याला फिकीर नसते, हे आम्हाला ती वाट थेट एका काळ्या डबक्यात उतरल्यावर सुचले. वर राखाडी दगडांची घसरण लागली तेव्हा चढ अवघड असूनही सुटल्यासारखे वाटले. नावाचा अर्थ सोन्याचा डोंगर. मोज्यांतून पिळून काढलेले पाणी मात्र कोऱ्या चहाच्या रंगाचे होते.

ॲबरडीनहून

शेटलंडमधल्या रोनास हिलवर (४५० मीटर) कोलाफर्थ टेकडीकडून गेल्यास जमीन बरीचशी खडकाळ लागते. आम्हाला त्रास झाला तो धुक्याचा. माथ्यावरचे नवाश्मयुगातले दगडी थडगे अगदी समोर येईपर्यंत दिसले नाही. मग त्याच्याच आडोशाला बसून गूळपोळी खाल्ली.

एडिनबरोहून

ईव्हलचा माथा आम्हाला लाभला नाही. भारतातून आलेले बाबा प्रत्येक संशयास्पद जागी आधी काठी रोवून पाहत, त्यामुळे कोणीही रुतले नाही. पण अर्ध्या वाटेवरच दुपार झाली आणि आम्ही मागे फिरलो. तरीही पोहोचेपर्यंत खाडीतले दगड बुडालेलेच होते. पाणी उतरेपर्यंत मुलांनी काठावर बसून सगळा चिवडा संपवला आणि बाबा काठीवरच्या काळ्या खुणेपर्यंत वितीने दलदलीची खोली मोजत राहिले.