१२५ सीसी बाईक रोज जामठ्याजवळ बंद पडते. ऊन, की आणखी काही?

दुसरीपाळी (मानेवाडा)

नमस्कार मंडळी. गाडी २०१३ ची, १२५ सीसी, कार्बोरेटरवाली, ६८ हजार किमी झालेली. घर नागपुरात मानेवाड्याला, नोकरी बुटीबोरी एमआयडीसीत, पाळी दुसरी. म्हणजे दुपारी दीडच्या उन्हात जायचं आणि रात्री अकरानंतर यायचं.

दीड महिन्यापासून गाडी छळून राहिली आहे. घरून निघताना अर्ध्या किकमध्ये चालू. छत्रपती चौक, चिंचभवन, खापरी, काही त्रास नाही. जामठ्याचं स्टेडियम दिसायला लागलं की आधी ओढ जाते. मूठ पिळली की दोन झटके देते आणि फुस्स. मग किक मारून मारून घोटा सुजतो. एक कडुनिंब आहे तिथे, त्याच्याखाली पंधरा-वीस मिनिटं उभा राहिलो की काही झालंच नाही अशी चालू होते. उसाचा रसवाला आता मला पाहिल्याबरोबर ग्लास भरायला घेतो.

गॅरेजवाला म्हणाला, "भाऊ, पंचेचाळीस डिग्रीत माणूस बंद पडते, ही तर गाडी आहे." प्लग बदलला, कॉइल बदलली, कार्बोरेटर खोलून साफ केलं, किट टाकली. २,३५० रुपये गेले. दुसऱ्या दिवशी जामठा आलं, पुन्हा तेच. आता म्हणतो इंजिन खोलून पाहावं लागेल. बायको म्हणते विकून टाका. दोन लेट मार्क लागले आहेत. काय करू?

तापलेलं_नागपूर

पिकअप कॉइल पाहा, प्लगला ठिणगीचा इशारा देणारी. गरम झाली की करंट देणं सोडते, थंड झाली की परत धरते. माझ्या जुन्या गाडीला हेच झालं होतं. आणि उन्हाळ्यात टायरमध्ये हवा चार-पाच पॉइंट कमीच ठेवत जा, टायर फुटत नाही आणि इंजिनलाही आराम पडतो.

पाना_दहा_बारा

इंजिन खोलू नका. निदान आज नको.

मी ३४ वर्षं फिटर होतो, रिटायर होऊन पाच वर्षं झाली. आमच्या खात्यात एक नियम होता: मशीन कधी बंद पडते ते आधी लिहून काढा, पाना नंतर उचला. तुम्ही बंद कुठे पडते ते लिहिलं, पण सगळं जातानाचंच. येतानाचं काय? रात्री ऊन नसतं, तेव्हा बंद पडते की नाही? दुसरं, ज्या दिवशी बंद पडली त्या दिवशी टाकीत पेट्रोल किती होतं? आणि तिसरं, हे सुरू व्हायच्या आठ-पंधरा दिवस आधी गाडीचं काय केलं होतं? आठवून सांगा, घाई नाही.

हवेचं मात्र आत्ताच सांगतो, नाहीतर कुणी वाचून कमी करून बसेल. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, जास्त दबला की जास्त तापतो. उन्हाळ्यात कमी हवा म्हणजे उलटा कारभार. साखळीच्या कव्हरवर नाहीतर स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) स्टिकर असतो, त्यावरचाच आकडा ठेवायचा. माझ्या गाडीला पुढे २५, मागे एकट्याला २८. आणि हवा सकाळी पहायची, थंड टायरवर. वीस किलोमीटर चालवून पंपावर गेलात तर काटा वरच दाखवणार, आणि तो पोरगा हवा काढून देणार.

तापलेलं_नागपूर

बरं काका, हवेचं मान्य. पण पिकअप कॉइलवर मी ठाम आहे.

दुसरीपाळी

काका, तुम्ही विचारलं म्हणून बसून आठवलं आणि जरा चक्रावलोच.

रात्रीही बंद पडते. खापरीच्या आधी कुठेतरी. रात्री रस्ता मोकळा, मी जोरात येतो, मला वाटायचं इंजिन त्याने तापलं. पेट्रोलचं म्हणाल तर ज्या दिवशी टाकी फुल केली त्या दिवशी जामठ्यापर्यंतही गेली नाही, खापरीतच बसली. आणि गेल्या सोमवारी रिझर्व्हवर होती तर सरळ कंपनीच्या गेटपर्यंत गेली! मी मनात म्हटलं, आज मारुतीरायाने ऐकलं.

आधी काय केलं, ते म्हणजे होळी. कॉलनीतल्या पोरांनी गाडीसकट रंगवलं होतं. दुसऱ्या दिवशी वॉशिंगला नेली, प्रेशरने धुऊन घेतली, पॉलिश मारली. त्यानंतर आठवड्याभरात सुरू झालं असावं.

पाना_दहा_बारा

मग कॉइल नाही आणि ऊनही नाही. टाकीला श्वास घेता येऊन नाही राहिला.

तेलाचा पंधरा किलोचा डबा फोडताना आपण दोन भोकं पाडतो. एकातून तेल येते, दुसऱ्यातून हवा जाते. एकच पाडलं तर तेल गटगट करत अडकते. गाडीच्या टाकीचं दुसरं भोक झाकणात असते, चावीच्या आसपास, टाचणीच्या डोक्याएवढं. ते बुजलं की जेवढं पेट्रोल खाली जाते तेवढी टाकीत पोकळी होते, आणि थोड्या वेळाने पेट्रोल खाली यायचंच बंद होते. कार्बोरेटरच्या वाटीत शिल्लक असते तेवढ्यावर गाडी थोडी पळते, मग झटके, मग फुस्स.

तुम्ही कडुनिंबाखाली उभे राहता तेव्हा गाडी थंड होते हे खरं, पण ती त्याने चालू होत नाही. त्या वेळात रबराच्या फटीतून थोडी थोडी हवा आत शिरते. फुल टाकीत पेट्रोलच्या वर हवेला जागाच बोटभर, म्हणून पोकळी लवकर होते आणि गाडी खापरीत थांबते. रिझर्व्हवर आत हवाच हवा, ती ताणायला वेळ लागते, तोवर तुमचा गेट येऊन जातो. मारुतीरायाला मध्ये आणू नका, त्याला दुसरी कामं आहेत.

उद्या असं करा. बंद पडली की किक मारू नका. चावी काढून टाकीचं झाकण उघडा, कान जवळ ठेवा. 'स्स्स' करून हवा आत गेली तर रोग सापडला. झाकण लावा, अर्धा मिनिट थांबा, वाटी भरू द्या, मग किक. आणि विडी ओढणारा कुणी मदतीला आला तर त्याला आधी लांब पाठवा.

आवाज आला नाही तर मात्र प्लग काढायचा. प्लगपाना डिक्कीत आहे ना? नसेल तर आजच ठेवा. प्लग कोरडा ठणठणीत निघाला तर पेट्रोल पोचत नाही: कॉक (टाकीखालची तोटी), फिल्टर, वाटीतली सुई. ओला निघाला, पेट्रोलचा वास आला, तर पेट्रोल आहे पण ठिणगी नाही. तेव्हा आपण या तापलेल्या भाऊंच्या पिकअप कॉइलकडे जाऊ. दोन्ही बरोबर असलं तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे स्क्रू. टॅपेट घट्ट झालेले असले की गरम इंजिनात व्हॉल्व्ह पुरते बसत नाहीत, कॉम्प्रेशन जाते. टॅपेट थंड इंजिनवरच लावायचे, फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून, कानाने नाही. टिकटिक ऐकून लोक घाबरतात. मी टिकटिक अजिबात नसली तर घाबरतो.

सदरची_बीएस६

काका, मध्येच विचारते. माझी २०२१ ची, इंजेक्शनवाली. कार्बोरेटरच नाही, तर हे मला लागू आहे का? आणि परवा सेल्फच लागत नव्हता. अर्धा तास ढकलली, मग शेजारच्या सातवीतल्या पोराने लाल बटण दाखवलं. इंजिन बंद करायचा किल स्विच दाबला गेला होता. हसू नका.

पाना_दहा_बारा

हसलो नाही. आमच्या खात्यातल्या फोरमनने कूलरची वायर न लावता तीन वर्षांची गॅरंटी मागायला दुकान गाठलं होतं.

झाकणाचं प्रकरण तुमच्याकडे सहसा असं होणार नाही, तिथे पंप पेट्रोल ढकलतो. तुम्ही चावी फिरवली की आधी ऐकायचं. टाकीच्या आतून दोन-तीन सेकंद 'गूंऽऽ' असा आवाज येतो. तो पंप. आवाज नसला तर फ्यूज आणि बॅटरी आधी, मेकॅनिक नंतर. सेल्फच लागत नसेल तर लाल बटण, साइड स्टँड, क्लच, न्यूट्रल, याच क्रमाने. आणि टाकी शेवटच्या थेंबापर्यंत नेऊ नका. तो पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो, नागपुरात तर जास्तच जपायचं.

कॉटनमार्केट_पहाटे

काका, तुम्ही स्वतःच्या गाडीचं किती दिवसांनी काय पाहता? मी भाजीच्या गोण्या नेतो, मागचं चाक आणि साखळी फार खाते.

पाना_दहा_बारा

रविवारी सकाळी, तर्रीपोहे आणायला जायच्या आधी. आधी म्हणजे आधीच, कारण टायर थंड लागतो. हवा पाहिली की ब्रेक. मागच्या ड्रमवर एक बाण असतो. ब्रेक पुरता दाबून पाहा, बाण खुणेवर टेकला तर लायनर संपले, नट पिळून नाटक करू नका. क्लचची मूठ टोकाला एक-दीड सेंटिमीटर ढिली हवी. एवढं दोन मिनिटांत होते.

ऑइल पोहे घेऊन आल्यावर पाहायचं. गाडी मधल्या स्टँडवर, दोन-तीन मिनिटं चालू, मग बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा. काडी काढून पुसा आणि परत घाला, पण माझ्या गाडीत आटे पिळून बसवायची नाही, नुसती टेकवायची. पिळून पाहिलं की ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसते. कितीतरी लोक खालच्या खुणेच्या खाली चालवत असतात आणि त्यांना पत्ता नसतो. तुमच्या पुस्तकात काय लिहिलं ते एकदा वाचा. पुस्तक सीटखालीच असते, पॅकिंगमध्ये.

आता साखळी, कारण तुमचं दुखणं तिथेच आहे. मधल्या स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, खालच्या बाजूच्या मध्यावर बोटाने वर-खाली करा. अडीच सेंटिमीटरच्या आसपास हललं पाहिजे. एकाच जागी पाहून उठू नका, चाक पावपाव फिरवून चार जागी पाहा. एका जागी तारेसारखी ताठ आणि दुसरीकडे लोंबते, असं असलं तर ताणून उपयोग नाही. सेट गेला, दोन्ही स्प्रॉकेटसकट (दातेरी चाकांसकट) बदला. नुसती साखळी बदलली की जुने दात नवी साखळी खातात. गोणी लादून ताण पाहायचा नाही, पण गोणी लादणार आहोत हे लक्षात ठेवायचं. वजन पडलं की साखळी ताणते, म्हणून फार कसू नका.

डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं, मग कोरडं फडकं, मग ९० नंबरचं गिअर ऑइल जुन्या टूथब्रशने कड्यांच्या सांध्यावर. वर ओतायचं नाही, ते सगळं रिमवर उडते. रबरी ओ-रिंगची साखळी असेल तर डिझेलही नको, तिचा वेगळा क्लीनर मिळतो. ताण दिल्यावर दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत का पाहा. त्यानंतर मागचा ब्रेक परत पाहा, कारण चाक मागे सरकलं की ब्रेकही कसतो. हे शेवटचं निम्मे लोक विसरतात आणि मग म्हणतात गाडी जड झाली.

आणि चाक हाताने फिरवायचं. इंजिन चालू करून, गिअर टाकून साखळी पुसणारा एक जण माझ्या शेजारच्या बेंचवर होता. त्याला अजून शर्टाची वरची गुंडी दुसऱ्या हाताने लावावी लागते.

कॉटनमार्केट_पहाटे

बाप रे. मी आजवर तसंच पुसत होतो.

दुसरीपाळी

काका!! 'स्स्स' आला!

मुद्दाम काल टाकी फुल केली होती. खापरी मेट्रो स्टेशन पार झालं आणि झटके सुरू. किकला पायच लावला नाही. झाकण उघडलं तर असा आवाज आला की रसवाल्यालाही ऐकू गेला असता. अर्धा मिनिट थांबलो, एका किकमध्ये चालू.

आज सकाळी झाकण खोललं. मी समजत होतो माती असेल. शिवणकामाची सुई घातली तर आतून गुलाल निघाला. ओला होऊन वाळलेला, पॉलिशमध्ये मळलेला, गुलाबी मेण जसं. बोटावर घेतला तर अजून रंग लागत होता. सायकलच्या पंपाने हवा मारली, तेव्हा दुसऱ्या बाजूने सुळकन गेली. बायकोला बोट दाखवलं. ती म्हणाली, "दोन हजार तीनशे पन्नासचा टिळा."

जुनी कॉइल गॅरेजवाल्याने ठेवून घेतली होती, ती मागायला चाललो आहे. चांगलीच असेल ना ती?

पाना_दहा_बारा

चांगलीच असेल. मिळाली तर कापडात गुंडाळून ठेवा. यापुढे बदललेला पार्ट समोर घ्यायचा, हे काम सांगतानाच बोलून ठेवायचं. आणि धुताना झाकणावर प्रेशर मारू देऊ नका, वर ओलं फडकं टाकत जा.

तापलेलं_नागपूर

मी पिकअप कॉइल मागे घेतो. 🙏

दुसरीपाळी

रात्रीचे पावणेबारा. आत्ता घरी पोचलो. टाकी फुल, कुठेही थांबली नाही. जामठ्याला मीच थांबलो, सवयीने.

पाना_दहा_बारा

साखळी पाहिली का?

दुसरीपाळी

रविवारी, काका.