दोन्ही तळपायांना मुंग्या आणि ‘नस दबली’वाला उपाय

नाशिककर_मुलगी

कालच्या चर्चेत ‘अनुभवी’ यांनी ठासून लिहिलंय: हातापायांना मुंग्या म्हणजे नस दबली, रोज रात्री तळपायांना कोमट तिळाचं तेल चोळा, बी-१२ या जीवनसत्त्वाची तपासणी हा लॅबवाल्यांचा धंदा, आपल्या पणजोबांनी कधी बी-१२ मोजलं होतं का? खाली कित्येकांनी ‘धन्यवाद, आजपासून सुरू’ असं लिहिलंय. ते वाचून राहवलं नाही.

दबलेली नस एका जागी दबते. मनगटात दबली तर अंगठा आणि शेजारची बोटं बधिर होतात, रात्री जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. कमरेत दबली तर बहुतेक वेळा एकाच पायात कळ उतरते. दोन्ही तळपाय सारखेच बधिर होत वर चढत असतील तर कारण आधी रक्तात शोधायचं असतं. साखर, बी-१२, थायरॉइड, आणि घरात कुणी कबूल करत नाही ती दारू.

मज्जातंतूंवर मायलिनचं स्निग्ध वेष्टन असतं. जाड वेष्टनाच्या तंतूतून संदेश सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास धावतो, वेष्टन नसलेल्या बारीक तंतूतून जेमतेम एक-दोन मीटर. हे वेष्टन टिकायला बी-१२ लागतं. ते वर्षानुवर्षं कमी पडलं तर पायाच्या नसाच नाही, मज्जारज्जूचा मागचा भागही खराब होतो. पाऊल कुठे पडलं हे मेंदूला कळवणारे तंतू तिथूनच वर जातात.

माझ्या आईच्या पायातली चप्पल निसटायची आणि तिला पत्ता नसायचा. बेसिनवर तोंड धुताना डोळे मिटले की तोल जायचा. अंधारात भिंत धरून चालायची. आम्ही सगळे ‘वय झालं’ म्हणत राहिलो, आणि तेल चोळणं चालूच होतं. शेवटी बी-१२ तपासलं तर अगदी तळाला गेलेलं. इंजेक्शनांनी चाल सुधारली. तळव्यांचा बधिरपणा मात्र पुरता गेला नाही. म्हणून ‘करून बघायला काय हरकत आहे’ हे वाक्य मला सहन होत नाही. त्यात वेळ जातो, आणि इथे वेळच महत्त्वाचा असतो.

अनुभवी

ताई, आईंबद्दल वाईट वाटलं. पण एका उदाहरणावरून सगळ्यांना घाबरवू नका. माझ्या वडिलांना ऐंशीव्या वर्षी तेलानेच आराम पडला, झोप लागायला लागली. अभ्यंग काय आजचं आहे? ही बी-१२ची भीती बाहेरून आलेली आहे. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या शाकाहार आहे आणि माणसं नव्वदीपर्यंत चालती-फिरती होती.

कोकणचो_झील

शाकाहार म्हणालात तिथेच उत्तर आलं. आमच्याकडे तिसऱ्या, बांगडा, सुकट रोजच्या जेवणात. तिसऱ्यांमध्ये बी-१२ ठासून भरलेलं असतं. माझी आजी शेवटपर्यंत वहाळ ओलांडून शेतावर जायची. घासफूस खाऊन नसा कुठून टिकणार?

सात्त्विक_पुणे

‘घासफूस’ हा शब्द मागे घ्या. मुंग्यांच्या चर्चेत दुसऱ्याच्या ताटावर बोलायची गरज नव्हती. दूध, दही, ताक, पनीर यांत बी-१२ असतं. शिवाय स्पिरुलिना आहे, शेवगा आहे. मी रोज स्पिरुलिनाची गोळी घेतो.

फिजिओ_कोल्हापूर

स्पिरुलिनावर भरवसा ठेवू नका. तिच्यात बी-१२सारखा दिसणारा जो पदार्थ असतो, तो बहुतांशी आपल्या शरीराला उपयोगी पडत नाही. शेवग्यात तर नाहीच. बी-१२ कुठलीच वनस्पती बनवत नाही, फक्त जिवाणू बनवतात. दूध-दह्याचं बरोबर आहे, पण चहातल्या दुधाला दूध खाणं म्हणू नका. दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम लागतं आणि यकृतात काही वर्षांचा साठा असतो. त्यामुळे आज कमी पडलं तर त्रास कितीतरी उशिरा दिसतो, आणि तोवर माणूस ‘मला काही होत नाही’ म्हणत असतो.

कोकणचो_झील

म्हणजे मी म्हटलं तेच.

फिजिओ_कोल्हापूर

नाही, तुम्ही म्हटलं ते अर्धंच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय असे पुरुष तपासले होते. सुमारे दोन-तृतीयांशांमध्ये बी-१२ कमी निघालं, आणि सर्वांत जास्त प्रमाण मध्यमवर्गीयांत. शाकाहाराने धोका वाढतो हे त्यात दिसलंच. पण महिन्यातून दोन रविवार मटण खाणारा माणूस ‘मी नॉनव्हेज खातो’ म्हणून निर्धास्त राहतो, त्याचं काय? माझ्याकडे असे कितीतरी येतात.

सात्त्विक_पुणे

ठीक आहे, स्पिरुलिना बंद. पण पणजोबांच्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलंच नाही.

नाशिककर_मुलगी

पणजोबांचं मोजलं कुणी? शेवटची वर्षं खाटेवर गेली तर ‘पाय गेले’ म्हणायचे आणि विषय संपायचा. जे नव्वदीपर्यंत चालले त्यांच्या आठवणी घराघरांत सांगितल्या जातात, जे साठीत पडले त्यांच्या नाही.

आणि ‘बाहेरून आलेली भीती’ म्हणू नका. लूसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर १९२८ साली मुंबईत आल्या त्या इथल्या गरोदर गिरणी कामगार बायकांच्या अ‍ॅनिमियाचं कारण शोधायला. यीस्टच्या अर्काने त्या बायका बऱ्या झाल्या आणि त्यातूनच पुढे बी गटातल्याच फॉलिक अ‍ॅसिडचा शोध लागला. हे आपल्याच बायकांच्या रक्तातून कळलेलं ज्ञान आहे. इथे ते मुद्दाम सांगते, कारण फॉलिक अ‍ॅसिड एकटं घेतलं तर बी-१२च्या कमतरतेतलं रक्त सुधारतं, पण नसांचं नुकसान आत चालूच राहतं. हिमोग्लोबिन चांगलं आलं म्हणून गप्प बसणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

मधुमेही_जुना

तुम्ही सगळे ताटावर भांडताय, माझा राग वेगळाच आहे. मी कित्येक वर्षं मधुमेहावरची मेटफॉर्मिन घेतोय. ती गोळी दीर्घकाळ घेतली की बी-१२ उतरतं, हे मला कुणी सांगितलं नाही. मुंग्या सुरू झाल्या तेव्हा ‘शुगरमुळे’ म्हणून वाटेला लावलं. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचंही तसंच. अहो, एकदा पायातले मोजे तरी काढायला सांगा! कंपनाचा काटा (ट्यूनिंग फोर्क) घोट्याला लावून थरथर जाणवते का ते बघायला मिनिटसुद्धा लागत नाही. ते न करता ताकदीचं म्हणून बी-१२चं लाल इंजेक्शन टोचायचं.

अनुभवी

बघा! शेवटी धंदाच निघाला ना? मी तेच म्हणत होतो.

मधुमेही_जुना

माझं बोलणं तुमच्या बाजूला ओढू नका. मी तपासणी झाली नाही म्हणून चिडलोय, तुम्ही तपासणी करूच नका म्हणताय.

फिजिओ_कोल्हापूर

लाल इंजेक्शनाचं काका बरोबर बोलले. आधी टोचून मग रक्त दिलं तर आकडा भरपूर येतो आणि मूळ कमतरता होती की नाही ते कळतच नाही. दुसरं, नसांच्या म्हणून मिळणाऱ्या कित्येक गोळ्यांत बी-६ही असतं. ते मोठ्या मात्रेत महिनोन् महिने घेतलं तर त्यानेच पाय बधिर होतात. दुकानातून स्वतःच्या मनाने आणून खाऊ नका.

तेलाबद्दल अनुभवींना एवढंच: मालिशने झोप लागते, बरं वाटतं, खुशाल करा. पण बधिर पायाला तेल गरम आहे की उकळतं हे कळत नाही. भाजून आलेले तळवे मी पाहिलेत. तेल आधी घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हातावर घालून बघा.

अनुभवी

हे भाजण्याचं लिहिलंत ते बरं केलंत, तेवढं पटलं. वडिलांची रक्ततपासणी करून घेतो, म्हणजे तुमचंही समाधान होईल. पण कमी निघालं तरी आमच्या घरात मासे शिजणार नाहीत, आधीच सांगून ठेवतो.

नाशिककर_मुलगी

मासे शिजवा असं मी एका ओळीतही म्हटलेलं नाही. औषधातलं बी-१२ जिवाणूंच्या आंबवणातूनच बनतं. जिलेटिनची कॅप्सूल नको असेल तर दुकानात साधी गोळी मागा. ऐंशी ओलांडलेल्यांना पोटातून नीट शोषलं जाईलच असं नाही, म्हणून गोळी की इंजेक्शन हे डॉक्टरांना ठरवू द्या. आणि कृपा करून कालच्या चर्चेत ‘तपासणी नको’ लिहिलंय ते बदला, लोक अजून खाली धन्यवाद देतायत.