मदत हवी आहे: जंगली टर्की स्लो कुकरमध्ये कशी शिजवू?

मंडळी, आम्ही अमेरिकेत विस्कॉन्सिनला असतो. शेजारच्या आजोबांनी वसंतातल्या शिकारीतला टर्कीचा नर साफ करून दिलाय. छाती आणि दोन तंगड्या. दुकानातल्या टर्कीसारखी चरबी नावालाही नाही. तंगडीत काड्यांसारख्या टणक शिरा हाताला लागतात. छातीत एक छर्रा निघाला, म्हणून बाकीचं मांसही बोटांनी चाचपून घेतलं.

तंगड्यांचं ठरलंय: स्लो कुकर (मंद आचेवर तासन्तास शिजवणारं विजेचं भांडं) 'लो'वर, म्हणजे मंद आचेवर, ठेवून 8 तास, मग मांस सोडवून, शिरा काढून सुक्कं. मांस फ्रीजमध्ये पूर्ण वितळवूनच घालणार आणि आत 165 अंश फॅरनहाइट झालंय ना, हे थर्मामीटरने बघणार.

अडलंय ते छातीपाशी. तंगड्यांबरोबरच टाकली तर तिचा भुसा होणार. मग किती वेळाने घालू? आधी रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवू की दही लावू? शिवाय कांदा-खोबऱ्याचं वाटण सुरुवातीलाच घालायचं की शेवटी? या भांड्यात पाणी आटतच नाही, रस्सा पांचट होतो.

कृपया प्रेशर कुकर सुचवू नका, ते काम सासूबाई फोनवरून रोज करतात. रविवारी पाहुणे आहेत, त्याआधी सांगाल तर बरं.