रोजच्या ट्रेनसाठी गुन्हेकथांचा संग्रह सुचवा (बजेट ३०० रुपये)

मीनल_नेरूळ: नमस्कार मंडळी. ठाणे ते नेरूळ रोजचं जाणं-येणं, एका वेळी अर्धा तास हातात. कादंबरी तुटक वाचली की कोण कोणाचा मेहुणा तेच विसरायला होतं. मला ऐरोलीला खून पडलेला आणि जुईनगरला उलगडलेला हवाय. वेगवेगळ्या लेखकांच्या कथा एकत्र असतील तर उत्तम. पुस्तक पर्समध्ये मावलं पाहिजे.

नौपाडेकर: होम्स. दुसरीकडे बघूच नका. ५६ कथा, ४ कादंबऱ्या, सगळं एकत्र असलेला पुठ्ठा बांधणीचा खंड मी बाराशेला घेतला. रोज रात्री एक कथा. गुप्तहेरकथा सुरूच तिथून झाली.

घंटाळीची_वाचक: तिथून नाही. एडगर ॲलन पो, १८४१. होम्स आला १८८७ मध्ये.

नौपाडेकर: पो कोण वाचतं आज? होम्स अजून वाचतात.

मीनल_नेरूळ: काका, बजेट तीनशे आहे हो. आणि तो ठोकळा उभ्यानं कसा धरू?

कोपरखैरणे_सेक्टर७: बंगाली गुप्तहेर ब्योमकेश बक्षीच्या कथा घ्या, मराठी अनुवाद मिळतात. स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घेत नाही, सत्यान्वेषी म्हणवतो, तिथंच मी त्याचा झालो. पण काही कथा लांब आहेत, पनवेलपर्यंत जावं लागेल.

खारेगाव_कट्टा: काहीही घ्या, जुनं पुस्तक पानं मोजून घ्या. मी रद्दीतून ऐंशी रुपयांत एक संग्रह आणला. एका कथेत जावई आतून कडी लावतो, सासरे टेबलाकडे बघून म्हणतात, "हा चष्मा माझा नाही," आणि पुढचं पान ब्लेडनं कापलेलं. तीन वर्षं झाली. कुणाला ही कथा माहीत असेल तर कृपया सांगा.

ऐरोली_अनघा: वर कुणी सांगितलं असेलच, पण होम्स. नाहीतर सरळ किंडल घ्या. मी घेतल्यापासून कागदाला हात लावलेला नाही.

घंटाळीची_वाचक: मीनलताई, विकत घ्यायच्या आधी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जा. १८९३ पासूनची संस्था आहे. जुने रहस्यकथांचे दिवाळी अंक मागा. वेगवेगळे लेखक हवेत म्हणालात ते अगदी बरोबर, आणि वरच्या कुणीच ते मनावर घेतलं नाही. एकाच लेखकाच्या पाच-सहा कथा वाचल्या की त्याची खोड कळते. सगळ्यांत मदतीला धावणारा माणूसच खुनी असणार, हे आपण आधीच ओळखतो. पण लेखक बदलला की पायाखालची जमीनच बदलते. गुप्तहेर येणार की नाही, गुन्हेगार पकडला जाणार की सुटणार, कदाचित तोच आपल्याला गोष्ट सांगतोय की काय, काहीच माहीत नसतं. दहा-बारा पानं, त्यात एकही वाक्य उगाच नसतं. दुधाची पिशवी दाराशी तशीच पडली आहे एवढंच लिहिलेलं असतं आणि पोटात गोळा येतो. संपल्यावर परत पहिलं पान काढून बघते, ती पिशवी मला दिसली कशी नाही! हे सुख कादंबरीत मिळत नाही, चारशे पानं कोण परत चाळतं?

कोपरखैरणे_सेक्टर७: वाचनालयाच्या पुस्तकांत लोक पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवतात. माझ्या हातात आलेल्या एका पुस्तकात अनुक्रमणिकेतच सगळी नावं होती. असल्या माणसांचं सभासदत्व काढून घ्यायला हवं.

नौपाडेकर: शंभर टक्के सहमत.

मीनल_नेरूळ: सगळ्यांचे आभार. काल गोखले रोडला दुकानात उभ्यानंच एक कथा वाचली आणि तेच पुस्तक घेऊन आले. ॲगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलच्या तेरा कथा, १९३२ चा संग्रह, इंग्रजी, साडेतीनशे. लेखिका एकच आहे, पण सुरुवातीच्या कथांत सहा जण मंगळवारी संध्याकाळी जमतात आणि एकेक जण फक्त त्यालाच उत्तर माहीत असलेलं प्रकरण सांगतो. आज सकाळी तुर्भ्याला मी चुकीच्या माणसावर संशय घेतला आणि नेरूळला उतरता उतरता कळलं. संध्याकाळची ट्रेन कधी येते असं झालंय.

खारेगाव_कट्टा: अभिनंदन. चष्म्याचं कुणीच सांगितलं नाही.

घंटाळीची_वाचक: लेखकाचं नाव द्या, शनिवारी संग्रहालयात शोधते.

खारेगाव_कट्टा: त्या पुस्तकात नाव कथेच्या शेवटी छापलंय.