मदत हवी आहे: मॅटप्लॉटलिबच्या आलेखात मराठी अक्षरं फुटतात

आमचे आबा २०१४ पासून अंगणातल्या पर्जन्यमापकाचे आकडे वहीत लिहून ठेवतात. त्यांच्या पंच्याहत्तरीला त्या वहीचा मोठा आलेख छापून भिंतीवर लावायचा बेत आहे. पायथनमध्ये काढलाय, मॅटप्लॉटलिब ही आलेखांची लायब्ररी वापरून. रंग, खांबांची जाडी, मागची जाळी सगळं मनासारखं जमलं. गाडं अडलंय ते मराठीपाशी, आणि आबांना इंग्रजी दिलं तर ते चष्माच काढून ठेवतील.

आधी नुसते चौकोन आले. इशारा असा की ग्लिफ (अक्षराची आकृती) २३५० फॉन्टमध्ये नाही. (२३५० हा युनिकोडमधला क्रमांक म्हणजे आपला ‘म’, हे कळायला अर्धा तास गेला.) मूळ फॉन्ट देजावू सान्स, त्यात देवनागरी नाहीच. मग मुक्ता हा देवनागरी फॉन्ट उतरवून ‘अ‍ॅडफॉन्ट’ने जोडला, ‘आरसीपॅराम्स’ या सेटिंग्जमध्ये फॉन्ट बदलला. चौकोन गेले, पण ‘मिलिमीटर’ची पहिली वेलांटी म सोडून ल वर जाऊन बसते. ‘पर्जन्य’मधला रफार तर खाली उतरून पाय मोडलेला र म्हणून उभा! मॅटप्लॉटलिबची आवृत्ती ३.९ आहे. दुसरा फॉन्ट घेऊ का?

प्रतिसाद १:
फॉन्ट कितीही बदला, तेच होणार. तुमच्या आवृत्तीत अक्षरं टंकलेल्या क्रमाने एकापुढे एक ठेवली जातात. वेलांटी अलीकडे घेणं, जोडाक्षर जुळवणं हे काम तिथे कोणी करतच नाही. म्हणून ते काम दुसऱ्यावर सोपवा. ‘एसव्हीजी.फॉन्टटाइप’ या सेटिंगला ‘नन’ द्या आणि ‘सेव्हफिग’ने एसव्हीजी (रेषा-आकारांची चित्रफाइल) काढा. आता मजकूर मजकूरच राहतो, आणि तो ब्राउझर किंवा इंकस्केप हे चित्रांचं सॉफ्टवेअर नीट जुळवतं.

धागाकर्ता:
जमलं! ब्राउझरमध्ये रफार ज च्या डोक्यावर. पण छापखान्यातल्या मशीनवर फाइल उघडली तर भलताच फॉन्ट. शिवाय उभ्या अक्षावरचे आकडे अजून इंग्रजीच आहेत.

प्रतिसाद १:
त्यांच्याकडे मुक्ता नसणार. इंकस्केपमध्ये सगळा मजकूर निवडून ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार होतात आणि फॉन्ट लागत नाही, मग पीडीएफ काढा. आधी एक प्रत मजकुरासकट जपून ठेवा, पाथ झाल्यावर एक ऱ्हस्व-दीर्घही सुधारता येत नाही. मी पोळलोय.

प्रतिसाद २:
आकड्यांसाठी ‘फंकफॉर्मॅटर’, म्हणजे अक्षावरचे आकडे कसे लिहायचे ते आपल्या फंक्शनने ठरवणं. पायथनच्या ‘मेकट्रान्स’मध्ये दहा इंग्रजी अंक आणि त्यासमोर दहा मराठी अंक द्या, आणि प्रत्येक खुणेचा आकडा ‘ट्रान्सलेट’मधून काढा. चार ओळींचं काम. तो अक्षाला ‘सेट_मेजर_फॉर्मॅटर’ने लावायचा. आणि सेव्ह करताना ‘बीबॉक्स_इंचेस’ टाइट ठेवलं असेल (म्हणजे भोवतालची मोकळी जागा कापायची) तर कडा तपासा. तिथलं मोजमाप फुटलेल्या अक्षरांवरूनच होतं, त्यामुळे लांब शीर्षक कापलं जाऊ शकतं. ‘पॅड_इंचेस’ (भोवतालचा समास) थोडं वाढवा.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. शीर्षकातला शेवटचा ‘र’ खरंच अर्धा कापला होता, पॅड वाढवल्यावर आत आला. आता एकच राहिलं, ऑगस्ट २०१९ चा खांब वरच्या चौकटीला टेकतोय. ते ‘सेट_वायलिम’चं (उभ्या अक्षाची मर्यादा ठरवण्याचं) काम, माझं मी बघतो.